सुमतीला हवा दिसायची

सोसायटीने पाइपला नकार दिलाच नव्हता. मी विचारलंच नव्हतं. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही; गेल्या महिन्यात सुमतीच्या शोकसभेत भाषण केलं, तेव्हाही नाही.

डॉ. सुमती माझी वर्गमैत्रीण. एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास आम्ही दोघांनी मुलुंडला, एका इमारतीच्या तळमजल्यावर पॅथॉलॉजीची लॅब काढली. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी फॉर्मलिनच्या, म्हणजे त्या टिकवणाऱ्या उग्र वासाच्या द्रावणाच्या, बरण्यांतून यायच्या. मागच्या खोलीत त्या उघडायच्या, नमुने ओट्यावर मांडायचे, हे आमच्या टेक्निशियनचं, सुषमाचं काम. तिचे डोळे चुरचुरायचे, खोकला थांबायचा नाही. मी छताजवळ एक्झॉस्ट फॅन बसवला आणि सुटलो.

सुमतीने सगळ्या बरण्या बाहेर नेल्या, सुषमाला रोजच्या जागी उभं केलं आणि ओट्यावर अगरबत्ती लावली. धूर निघाला तो थेट सुषमाच्या तोंडावरून पंख्याकडे.

"बघितलंस? वास जातोय रे, पण हिच्या नाकाला विचारून!"

"मॅडम, देव पण खोकेल हो इथं," सुषमा म्हणाली.

सुमतीला हवेची ओढ हवी होती ती नाकाच्या खाली, ओट्याच्या मागच्या कडेला, आणि तिथून पाइप गच्चीच्या वर. शिवाय दाराला खाली फट. "हवा काढायची तर आत यायलाही जागा दे ना!" मला वेगळीच धास्ती... पाइपला परवानगी मागितली की सोसायटीचे सेक्रेटरी विचारणार, आत काय कापता? लॅबच उठवतील. सुमतीला सांगून टाकलं, "सोसायटीवाले नाही म्हणाले."

ती भांडली नाही. "मग सुषमा पुढच्या खोलीत बसेल. बरण्या मी उघडते." कित्येक महिने, लाल डोळ्यांनी, दोघींचं काम ती एकटी करत होती. मी बघत होतो.

शेवटी ती स्वतःच सेक्रेटरींकडे गेली. ते जिन्यात मला म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही कधी बोललाच नाहीत! मॅडमनाही तेच म्हटलं मी." म्हणजे तिला कळलं होतं.

मला ती एका शब्दाने बोलली नाही. मरोळच्या कारखान्यातून ओट्यामागे बसवायचं, हवा ओढणारं पत्र्याचं खोकं आलं, पाइप चढला, आणि तिने अगरबत्ती माझ्या हातात दिली. "धर. तूच बघ." धूर जरासा उठला, थबकला... आणि मान वाकवून, ओट्याला चिकटून मागच्या खोक्याच्या फटीत शिरला. मी थक्क झालो. आम्हाला जो नुसता वास यायचा, तो तिला वाहताना दिसत होता.

शोकसभेत सुषमा सगळ्यांसमोर म्हणाली, "मॅडम आणि सर माझ्यासाठी सोसायटीशी भांडले." मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, दुःखाने.

सुषमाला खरं सांगायचं आहे, तिची माफी मागायची आहे. अजून मागितलेली नाही.