निळ्या काठाची डिश

ओव्हनमध्ये बटाट्यावरचं चीज तांबूस व्हायला लागलं, की मला आखातात असतानाचा, मरीना भागातला आमचा जुना फ्लॅट आठवतो. मी तापाने पडले होते, नवरा कामासाठी रास अल खैमाला, आणि लेकीने लिफ्टमध्ये समोरच्या फ्लॅटमधल्या इंग्लिश आजींना सांगून टाकलं, "ममा इज सिक." संध्याकाळी त्या निळ्या काठाच्या डिशमध्ये शेफर्ड्स पाय घेऊन आल्या. खाली वाटाणे-गाजर, वर कुस्करलेला बटाटा, चवीला नुसती मिरी. "मटण घातलेलं नाही," त्या म्हणाल्या, "आणि डिश सावकाश दे, माझ्या आईची आहे." चार दिवसांनी माझ्या पोटात घास गेला तो तोच. डिश मी घासून ठेवली, पण भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आमच्या घरची रीत. त्यांना तिखट सोसायचं नाही म्हणून शिरा करायचा ठरवला. ऑफिसच्या गडबडीत तो राहतच गेला. मग एका संध्याकाळी आजी स्वतःच आमच्या दारात आल्या. "उद्या आम्ही कायमचे परत चाललोय. डिश देतेस?" डिश ओट्यावरच होती. म्हटलं, "सकाळी आणून देते, अशी रिकामी नको." "रिकामी चालेल गं," त्या म्हणाल्या. मी ऐकलं नाही. सकाळी सातला गरम शिरा घेऊन बेल वाजवली, वाजवतच राहिले. शेवटी वॉचमन म्हणाला, "मॅडम तो पाँच बजे निकल गयी." पत्ता कधी विचारलाच नव्हता. आजही शेफर्ड्स पाय करताना लेक म्हणते, "ममा, लेट्स यूज दॅट ब्लू वन." मी ती डिश काढते, पुसते आणि पुन्हा वर ठेवते, रिकामीच.