आमचं कारपूल आणि चौकातल्या फेऱ्या

कारपूलचे किस्से गाडीच्या डिकीतल्या सामानासारखे असतात. कुणी ठेवलं, कधी ठेवलं, काही आठवत नाही. एक दिवस सहज उघडावं तर एका पायाची चप्पल, झाकण हरवलेला डबा, कुणाची तरी लोकरीची टोपी, एकेक निघतच राहतं. आमचं कारपूल बंद पडून आता बरीच वर्षं झाली. पण परवा सांगलीहून मित्र आला, म्हणाला, "सांग की लेका, काहीतरी चंदीगडचं!" आणि डिकी उघडली.

आधी माणसं सांगतो. मी मोहालीत एका आयटी कंपनीत. घर चंदीगडात, बलबीर अंकलच्या वरच्या मजल्यावर. खाली अंकल स्वतः, रिटायर्ड, आणि त्यांची नात जसलीन. समोरच्या घरात मंजिरी वहिनी, नागपूरच्या. त्यांचे मिस्टर एअर फोर्समध्ये इंजिनिअर. क्वार्टर मिळेपर्यंत म्हणून त्या समोर भाड्याने राहायला आल्या आणि पोस्टिंग संपेपर्यंत तिथेच राहिल्या. त्यांची मुलगी पूर्वा. आणि आमची गार्गी. तिघी एका वर्गात, शाळा एकच. तेव्हा तिन्ही घरांनी दिवस वाटून घेतले आणि कारपूल सुरू झालं.

आमच्या घरात मी आणि माझी बायको शर्वरी मराठीत बोलायचो आणि गार्गी हिंदीत उत्तर द्यायची. ते चालायचं. जे चालेनासं झालं ते वेगळंच होतं.

*

एका सकाळी गाडी स्पीडब्रेकरवरून गेली. धप्प! मागून गार्गी म्हणाली, "बाबा, कोई नीचे आ गया क्या?"

मी हसलो. म्हटलं, "अगं, स्पीडब्रेकर होता."

"पक्का? एक बार देख लो ना, प्लीज़."

आवाज असा होता की मी गाडी वळवली. आता चंदीगडात मागे वळणं म्हणजे काहीच नाही. दर थोड्या अंतरावर गोल चौक. राउंडअबाउटला एक फेरी मारली की तुम्ही परत होतात तिथे! सांगलीत असतो तर मागच्या रिक्षावाल्याने माझ्या सात पिढ्या काढल्या असत्या आणि हा प्रकार पहिल्याच दिवशी संपला असता. पण या शहरात मागे जाण्याची इतकी उत्तम सोय आहे, की माझ्या प्रत्येक पाळीला आम्ही मागे जायला लागलो.

रस्ता रिकामा असायचा. ती बघायची, जरा शांत व्हायची. पुढच्या चौकात पुन्हा, "बाबा, अभी जो साइकिलवाले अंकल थे, वो ठीक हैं ना?" की पुन्हा फेरी.

माझ्या पाळीच्या दिवशी शाळेत हमखास उशीर; इतरांच्या गाडीत मागे वळा म्हणायची तिची हिंमत नव्हती, नुसतं विचारायची. शेवटी टीचरनी मुलींना विचारलं, काय भानगड आहे? मैत्रिणीचं गुपित फोडायचं नाही म्हणून जसलीनने जागच्या जागी उत्तर तयार केलं, "मॅम, अंकल को रास्ता नहीं आता!"

ज्या शहरात प्रत्येक सेक्टरला नंबर आहे, तिथे दर वेळी रस्ता चुकणारा माणूस म्हणून माझं नाव झालं. पीटीएमला, म्हणजे पालकसभेला, एका सद्गृहस्थांनी मला हळूच सांगितलं, "बीस के बाद इक्कीस आता है जी." मी त्यांचे आभार मानले.

*

त्याच दिवसांत एका चौकातल्या ट्रॅफिक पोलिसाने आमची गाडी हेरली. एकच गाडी, मागे तीन युनिफॉर्ममधल्या मुली, आणि माणूस गोल गोल फिरतोय. त्याने हात केला.

"सर, जाना कहां है?"

"शाळेत... मतलब, स्कूल."

त्याने माझ्याकडे करुणेने पाहिलं. माझी कीर्ती त्याच्यापर्यंतही पोचली होती की काय, देव जाणे! म्हणाला, "मेरे पीछे-पीछे आओ." आणि मोटरसायकल काढून थेट शाळेच्या गेटपर्यंत पुढे चालला. पोलिसाच्या मागे असताना परत फिरा म्हणायची गार्गीची हिंमत झाली नाही. माझ्या गाडीने मागे न वळता शाळा गाठली, असं कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा झालं.

घरी येऊन शर्वरीला सांगितलं. वाटलं, ती हसेल. ती म्हणाली, "उद्या पण बोलवता येईल का रे त्यांना?"

आणि मग तिला रडू आलं. त्या संध्याकाळी आम्ही ठरवलं, की आता कुणाला तरी दाखवायचं.

*

डॉक्टर मॅडमनी नाव सांगितलं, ओसीडी. सोबत ॲन्झायटी. नाव ऐकून भीती वाटली आणि नाव आहे म्हणून बरंही वाटलं. त्यांनी गार्गीलाच समजावलं, की तुझ्या डोक्यातला अलार्म चुकीच्या वेळी वाजतो, तू मागे जाऊन पाहिलंस की त्याला वाटतं आपण बरोबर वाजलो, आणि तो आणखी जोरात वाजतो. मग आमच्याकडे वळल्या. आजपासून फेरी बंद. "कुणी नाही लागलं, बाळा" हेही बंद. तिने विचारलं तर म्हणायचं, "असेल, नसेल, मला माहीत नाही." भीती चढेल आणि तिची तीच उतरेल.

ऐकायला किती सोपं! आपलं लेकरू मागच्या सीटवर थरथरतंय आणि बापाने म्हणायचं, माहीत नाही!

बरं, हे नुसतं आम्हाला जमून उपयोग नव्हता. गाडी तिघांची. म्हणजे सांगणं आलं. मला आणि शर्वरीला धाकधूक होती. लोक काय म्हणतील, आपल्या मुलींना हिच्याबरोबर पाठवतील का? कारपूल सुटलं असतं तर गार्गीची शाळाच सुटली असती. मैत्रिणी होत्या म्हणून ती निदान गाडीत तरी बसत होती.

आम्ही खाली गेलो. बलबीर अंकलनी चहा मागवला. मी घसा खाकरून, "अंकलजी, एक सीरियस बात है," म्हणून सुरुवात केली आणि सगळं सांगून टाकलं. अंकल मान खाली घालून ऐकत होते. चहा गार झाला. मग त्यांनी एवढा मोठा निःश्वास सोडला!

"ओ पाटील साब, बस इतनी बात? मैं तो डर गया था, आप मकान छोड़ रहे हो!"

*

मंजिरी वहिनींना सांगितलं तेव्हा गार्गीही बरोबर होती. वहिनी मनाच्या मोकळ्या. लगेच म्हणाल्या, "बाप्पा! एवढंच ना? आमच्या यांचं पण तसंच आहे. नट टाइट केला तरी पुन्हा बघतात, पुन्हा बघतात. एअर फोर्स त्यांना त्याचाच तर पगार देऊन राहिली!"

गार्गी हळू आवाजात म्हणाली, "आंटी, मुझे तो पगार भी नहीं मिलता. और बंद भी नहीं होता."

वहिनींचा चेहरा उतरला. त्यांनी तिला जवळ घेतलं नाही, 'अरेरे' म्हटलं नाही. फक्त विचारलं, "मग मी काय करू, सांग."

"कुछ नहीं. बस, पीछे मत मुड़ना. मैं बोलूं तो भी."

एवढीशी पोर! तिच्या वयाचा असताना मला साधं मीठ कमी आहे म्हणायचं धैर्य नव्हतं.

*

आता बलबीर अंकलची अडचण ऐका. हा माणूस जन्मभर गॅरंटी देत आलेला. नळ दुरुस्त होईल का? "सौ परसेंट जी!" पाऊस पडेल का? "पक्का!" सेक्टर बावीसच्या मार्केटात स्वेटर घ्यायला गेलो, तर दुकानदाराच्या आधी हेच सांगायचे, "रंग नहीं जाएगा, मेरी गॅरंटी!" अशा माणसाला 'पता नहीं' म्हणायला शिकवायचं!

जसलीनने त्यांची तालीम घेतली. ती विचारायची, "दादाजी, कोई नीचे आया क्या?" आणि अंकल म्हणायचे, "पता न... ओ नहीं पुत्तर, कोई नहीं आया!" की जसलीन कपाळावर हात मारून घ्यायची.

पहिला दिवस उजाडला. अंकलची जुनी पांढरी मारुती निघाली. वाटेत धप्प. गार्गीने विचारलंच. पूर्वाने नंतर सांगितलं, अंकलचे कान लाल झाले होते, पण म्हणाले, "मुझे क्या पता, पुत्तर!" आणि मागे न वळता मुलींना शाळेत सोडलं.

मी ऑफिसात पोचतोय तोच त्यांचा फोन. "पाटील साब, बधाई! मैंने बिल्कुल नहीं बताया. गाड़ी भी नहीं मोड़ी."

म्हटलं, "वा अंकलजी!"

मग आवाज खाली आणून म्हणाले, "बच्चों को छोड़ के मैं वापस गया था. देख के आया हूं. कोई नहीं था जी!"

पुढच्या खेपेला डॉक्टर मॅडमना हे सांगितलं. त्या लिहिता लिहिता थांबल्या आणि म्हणाल्या, "अंकलजी को भी ले आइए."

*

सगळेच दिवस असे हसण्यासारखे नव्हते. जानेवारीतलं इथलं धुकं तुम्ही पाहिलेलं नाही. हात लांब केला तर बोटं पुसट दिसतात. अशाच एका सकाळी गार्गी युनिफॉर्म घालून, दप्तर पाठीला लावून खाली आली आणि गेटच्या पायरीवर बसली. उठेना. धुक्यात कुणीही असू शकतं, कुणीही गाडीखाली येऊ शकतं, आणि आपल्याला कळणारही नाही. ओठ पांढरे पडलेले. आदल्याच आठवड्यात शाळेने बोलावून सांगितलं होतं, हजेरी अशीच राहिली तर वर्ष जाईल. मी आधी समजावलं, मग आवाज चढवला, मग वर जाऊन शर्वरीला म्हणालो, "संपलं. नाही जमत आपल्याला."

त्या दिवशी पाळी मंजिरी वहिनींची. त्यांनी इंजिन बंद केलं आणि खाली उतरल्या. "गार्गी, मलाही भीती वाटून राहिली या धुक्यात. थांबू आपण. पण वर नको जाऊ हं, इथेच थांबू."

पूर्वा आणि जसलीनही गाडीतून उतरून तिच्या दोन्ही बाजूंना पायरीवर बसल्या. जसलीनच्या खिशात गजक होती, तिळाची. तिघींत मोडून खाल्ली. मी वरच्या गॅलरीतून बघत होतो. मला फक्त तीन लोकरी टोप्या पुसट दिसत होत्या.

धुकं काही हटलं नाही. पण बऱ्याच वेळाने मधली टोपी उठली. "चलो," गार्गी म्हणाली. ती वाटभर रडत होती, असं वहिनींनी सांगितलं. पण एकदाही 'मागे चला' म्हणाली नाही.

शाळेच्या गेटवर टीचर उभ्याच होत्या. इतका उशीर? जसलीनने मंजिरी वहिनींकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "मॅम, आंटी को भी रास्ता नहीं आता!"

*

मग वहिनींच्या मिस्टरांची पोस्टिंग आली. त्या नोकरीत ते ठरलेलंच असतं, तरी प्रत्येक वेळी धक्का बसतोच. ट्रक भरला. काळ्या पेट्यांवर पांढऱ्या रंगात नाव. बलबीर अंकलनी वाटेसाठी इतके पराठे बांधून दिले, की अख्खं स्क्वाड्रन जेवलं असतं. पूर्वा आणि जसलीन एकमेकींच्या गळ्यात पडून हुंदके देत होत्या.

गार्गी वहिनींसमोर उभी राहिली. तोवर ती बरीच सावरली होती. फेऱ्या थांबल्या होत्या, प्रश्न तोंडातल्या तोंडात गिळायला शिकली होती. पण त्या क्षणी राहवलं नाही.

"आंटी, आप वापस आओगी ना? पक्का?"

वहिनींचे डोळे भरलेले, नाक लाल. आणि इतक्या दिवसांच्या सवयीने तोंडातून गेलंच, "मला माहीत नाही गं बाई!"

मग गार्गीच आधी हसली. मग वहिनी, मग आम्ही सगळेच, आणि हसता हसता कोण रडत होतं ते काही कळेना. ट्रक गेला. त्यानंतर दोन घरांचं कारपूल काही दिवस ओढलं. पण मागची सीट रुंद वाटायची. अजूनही हिवाळ्यात गाडीचा हीटर लावला, की मला मुलींच्या डब्यातल्या लोणी लावलेल्या पराठ्यांचा वास येतो आणि तिघींचं ते एकाच वेळी बोलणं आठवतं. फार छान दिवस होते ते. तेव्हा कुणी तसं म्हटलं असतं तर मी त्याला घराबाहेर काढलं असतं.

*

गार्गी आता कॉलेजात आहे. ओसीडी गेला नाही. तो असतो, कधी कमी, कधी जास्त, आणि ती त्याच्याशी तिच्या पद्धतीने झगडते. पण "मैं ज़िंदगी में कभी गाड़ी नहीं चलाऊंगी," असं ती लहानपणापासून सांगत आलेली. ते आम्ही मान्यही केलं होतं. शहरात कॅब आहेत, काही अडत नाही.

मागच्या महिन्यात तिने परस्पर लर्निंग लायसन्स काढलं. आम्हाला दाखवलं आणि म्हणाली, "अंकलजी सिखाएंगे. बाबा, आप पीछे बैठोगे, और कुछ नहीं बोलोगे."

रविवारची सकाळ. बलबीर अंकल आता थकलेत, काठी लागते. पण पगडी कडक बांधून शेजारच्या सीटवर बसले. मी मागे, गार्गी नेहमी बसायची त्या जागेवर.

गाडी निघाली. स्पीडब्रेकर आला. धप्प! मी डोळे मिटले. अंकलनी काठी घट्ट धरली. गार्गी काही बोलली नाही. गाडी पुढे गेली.

मग चौक आला. गार्गी आत शिरली. आम्हाला उजवीकडे जायचं होतं. उजवीकडचा रस्ता आला आणि मागे पडला. घराचा रस्ता आला, तोही मागे पडला. एक फेरी झाली. आणखी एक सुरू झाली. तिचे खांदे ताठ, बोटं स्टिअरिंगवर पांढरी पडलेली, नजर सारखी आरशात. विचारायचं नाही, धीर द्यायचा नाही, एवढी शिस्त आमच्या हाडात मुरलेली. पण तिसरी फेरी सुरू झाली आणि माझ्यातला बाप हरला.

"गार्गी, बाळा... मागे काही झालं का?"

"बाबा, चुप बैठो!" ती ओरडली. "कोई बाहर निकलने ही नहीं दे रहा! इतनी देर से इंडिकेटर दे रही हूं, कोई रुकता ही नहीं! निकलूं कैसे?"

बलबीर अंकल सावकाश मागे वळले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, दाढीत उतरत होतं. त्यांनी काठी सोडली आणि माझा हात हातात घेतला.

"बधाई हो, पाटील साब! कुड़ी को गाड़ी चलानी बिल्कुल नहीं आती!"