ढोककाकांचा आठवा मीटर

ढोककाका कोणाच्याही घरी गेले, की पाण्याचा पेला हातात घेण्याआधी विचारायचे, "बंद कुठून होते?" मग जिन्याखाली किंवा मोरीमागे वाकून मुख्य वॉल्व्ह शोधायचे, एकदा पूर्ण बंद, एकदा पूर्ण चालू करायचे आणि मगच खुर्चीत टेकायचे. माझ्याकडे पहिल्यांदा आले, तेव्हा मी म्हणाले, "काका, अजून काही बिघडलेलं नाही."

"म्हणूनच पाहतो न ताई. बिघडल्यावर कायले शोधायचं?"

ते मूळचे नागपूरचे. पिपलानीच्या कारखान्यात पाइप फिटर म्हणून उभं आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर स्कूटरवर पान्यांची पिशवी ठेवून ओळखीच्या घरची कामं करायचे. साकेत नगरमधल्या आमच्या आठ घरांच्या इमारतीत पाण्याचे मीटर बसवायचं ठरलं, तेव्हा सेक्रेटरी म्हणून मी त्यांनाच बोलावलं. कामाची यादी केली, एक रविवार नक्की केला आणि प्रत्येक घरापुढे टिक करायला चौकोन काढला.

सात घरांना गच्चीवरच्या टाकीचं पाणी होतं, म्हणून सात मीटर गच्चीवर. काका आधी लाइन बादलीत मोकळी सोडून गाळ काढायचे. मग मीटरवरचा बाण पाण्याच्या दिशेने आहे ना, ते बोट फिरवून पाहायचे. वॉल्व्ह आणि मीटर यांच्यात वीतभर सरळ नळी मात्र सोडायचेच. "वॉल्व्हातून पाणी भांडत निघते. जरा सरळ चालू द्या त्याले, मंग मोजा."

आठवं घर तळमजल्यावरच्या सिंधूताईंचं. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांना थेट नळाचं पाणी, म्हणून मीटर त्यांच्या दाराशेजारच्या भिंतीतल्या कोनाड्यात बसवायचा होता. येणाऱ्या-जाणाऱ्याने हात लावू नये म्हणून मी कोनाड्याला झाकण आणि कुलूप ठरवलं होतं. काकांनी आत डोकावून मान हलवली.

"सरळ नळीले जागा नाही. भिंत फोडून वॉल्व्ह बाहेर घेऊ. उद्या येतो."

"उद्या मला सुट्टी नाही, काका. दोन्ही आतच बसवा ना."

"कुलूप मीटरले लावा, ताई. वॉल्व्हले नाही. आजीबाई किल्ली शोधत बसतील का?"

"किल्ली माझ्याकडे असेल. आज आठही व्हायला हवेत."

"मंग सात झाले म्हणून लिहा," एवढं बोलून ते पाने पिशवीत भरू लागले. मला राग आला. संध्याकाळी मी दुसऱ्या फिटरला बोलावलं. त्याने वॉल्व्हला चिकटूनच मीटर बसवला, झाकण लावलं, कुलूप घातलं. मी आठव्या चौकोनात टिक केली.

उन्हाळ्यात, भर दुपारी, मी मंडीदीपला ऑफिसात असताना सिंधूताईंचा फोन आला. ओट्याखालची नळी निसटली होती. "अगं, पाणी थांबतच नाहीये. किल्ली कुठे आहे?"

किल्ली माझ्या पर्समध्ये होती.

"तुम्ही पाण्यात जाऊ नका, पलंगावर बसा. मी निघालेच," मी म्हणाले. पण स्वतःच्या घरात पाणी भरत असताना बसून कोण राहतं? त्यांनी काकांना फोन केला आणि टॉवेल घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. तिथेच घसरल्या.

मी पोचले तेव्हा शेजाऱ्यांनी त्यांना हॉस्पिटलात हलवलं होतं. खुब्याचं हाड मोडलं होतं. कोनाड्याच्या झाकणाची कडी तुटून कुलुपासकट जमिनीवर पडली होती, वॉल्व्ह बंद होता आणि काका भिजलेल्या विजारीत पायरीवर बसले होते.

"किल्ली तुमच्याजवळ होती का, ताई?"

"हो."

त्यांनी मान हलवली. त्यानंतर या विषयावर ते कधीही एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

दोन दिवसांनी ते न बोलावता छिन्नी घेऊन आले. भिंत फोडली, वॉल्व्ह दाराजवळ बाहेर आणला, मध्ये वीतभर सरळ नळी घातली. मग मला स्टूल आणायला सांगितलं. "बसा. आता बंद करा." मला जोर लावावा लागला. त्यांनी खोलून तेल दिलं, पुन्हा बसवला. "आजीबाई काठी घेऊन येतील. बसल्या बसल्या हात पुरला पाह्यजे, दोन बोटांनी फिरला पाह्यजे."

सिंधूताई परत आल्या नाहीत. मुलगा त्यांना हॉस्पिटलातूनच इंदूरला घेऊन गेला. मी फोन करते. त्या तब्येत सांगतात, किल्लीबद्दल काही बोलत नाहीत. गेल्या हिवाळ्यात ढोककाका वारले. माफी मागायचं माझ्या यादीत होतं. ते राहिलं.

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी मी आठही वॉल्व्ह बंद-चालू करून पाहते. सात गच्चीवरचे, उभ्या उभ्या. आठव्याच्या मीटरचा काटा हलत नाही, त्या घरात कोणी राहत नाही. तरी मी स्टूल घेऊन खाली येते आणि बसते. हात पुरतो. दोन बोटांनी फिरतो.