साऱ्या चाळीच्या मांडीवरची पोर

सुरतेतल्या पांडेसऱ्यातल्या आमच्या चाळीत मूल जन्मलं की पाचवी पुजून झाल्यावर सुंदराबाई त्याला दारोदार नेई आणि प्रत्येक बाईच्या मांडीवर घटकाभर ठेवी. "एका मांडीचं लेकरू रडकं होतं," ती म्हणायची. आया धागा कापायला जात, बाप डाइंग मिलमध्ये. आईवाचून आकांत करणारं मूल आम्हाला परवडणारं नव्हतं.

तमाशाचा फड सोडून मी भाच्याकडे राहायला आले, तेव्हा पहिल्याच दुपारी तिनं माझ्या मांडीवरही एक पोर ठेवलं. "धरा शोभाबाई. नाचून झालं असंल तर आता बसून घ्या!"

सुंदराबाई म्हणजे उंच, धिप्पाड बाई. पायात चाळ नसतानाही ती आली की कळायचं. स्वतःला मूलबाळ नाही, पण कडेवर कुणाचं तरी असायचंच.

चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेग आला. गल्ल्या रिकाम्या होऊ लागल्या. आम्हीही उधना स्टेशनवर गेलो आणि भुसावळकडच्या गाडीत खिडक्यांतून गाठोडी कोंबून जागा धरल्या. चाळीतल्या गायत्रीची लेक छबी नुकती रांगायला लागली होती. डब्यात गुदमरेल म्हणून सुंदराबाई तिला घेऊन फलाटावर थांबली. गायत्री पाणी भरायला नळाकडे गेली.

जवळचं सुटलेलं गाठोडं आवळून बांधायला सुंदराबाईला दोन्ही हात हवे होते. तिनं सवयीनं शेजारच्या अनोळखी बाईच्या मांडीवर छबी ठेवली. छबी हसली. तिथंच घात झाला.

एक पोलीसबाई पाहत होती. तिनं छबीला उचललं. "ए बेन, ये किसकी बच्ची है?"

"आमची."

"आमची म्हणजे? तेरी है?"

"चाळनी शे," सुंदराबाई सरळपणे म्हणाली. चाळीची आहे, असं तिच्या अहिराणीत.

पोलीसबाईचा चेहरा बदलला. त्या धावपळीत मुलं हरवत होती, कुणीही उचलून नेलं असतं. तिचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही.

गायत्री पाण्याचा डबा टाकून धावत आली. "माझी आहे ती! छबी, ये, ये!"

छबीनं आईकडे पाहिलं, बोळकं पसरून हसली आणि पुन्हा पोलीसबाईच्या शिट्टीची दोरी चोखू लागली.

"जोयुं? पाहिलंत?" पोलीसबाई म्हणाली. "मारो छोकरो तो मारी साडी ज नथी छोडतो, पदर सोडत नाही. ही आईला बघून हातसुद्धा पुढे करत नाही? चलो, दोनों चौकी पे."

"आई आहे मी! देवाशपथ!" इंजिनानं शिट्टी दिली. सुंदराबाई पांढरीफटक पडली. मग डब्याकडे वळून ओरडली, "उतरा वं सगळ्या! छबी ऱ्हाई जाई!"

क्षणभर कुणी हललं नाही. उतरलं तर पुढची गाडी कधी, तिच्यात शिरता येईल का, काही ठाऊक नव्हतं. मागे प्लेग होता. मीही खिडकीची दांडी घट्ट धरून बसले होते.

मग चाळीतल्या धुडकूच्या बायकोनं आपलं गाठोडं खिडकीतून बाहेर फेकलं. "सरका ओ, मेल्यांनो!" तिच्यामागे एकेक बाई. मीही उतरले. आमच्या जागांवर लोक तुटून पडले आणि गाडी हलली.

आम्ही पोलीसबाईला वेढलं. छबीला हर्ष झाला. ती एकीकडे झेपावली, लगेच दुसरीकडे, मग माझ्याकडे. पोलीसबाई छबीकडे पाहीना. ती जाणाऱ्या गाडीकडे आणि मग आमच्या तोंडांकडे पाहत राहिली.

"चोरीच्या मुलीसाठी इतक्या बायका गाडी सोडत नाहीत," ती हळू म्हणाली. "घ्या. कोणाकडे देऊ?"

आमचे सगळ्यांचेच हात पुढे झाले होते. सुंदराबाईनं स्वतःचे मागे घेतले. "तिन्या मायले द्या," ती म्हणाली.

गायत्रीनं छबीला असं आवळलं की ती रडायलाच लागली. दुसरी गाडी संध्याकाळी मिळाली, तीही उभ्यानं. गायत्रीचे हात भरून आले होते. सुंदराबाईनं हात पुढे केले, तशी गायत्री अंग चोरून मागे सरकली. लगेच ओशाळली. "थोडा वेळ राहू द्या, मावशी."

सुंदराबाईनं पदर सारखा केला.

"ऱ्हाऊ दे, माय. तुनीच शे."