गंगूचा वाढदिवस तीन दिवस आधी

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर जाण्यापूर्वी आमच्या पलटणीला रजा मिळाली. मी शेलूबाजारचा. लान्सनाईक किसनचा भाजीचा मळा मंगरूळपीरच्या वेशीबाहेर. आम्ही एकाच सेक्शनमध्ये होतो.

किसनची मुलगी गंगू पौष अष्टमीला, म्हणजे येत्या मंगळवारी, पाच वर्षांची होणार होती. आमच्याकडे तेव्हा पोरींचे वाढदिवस कोणी करत नसे. पण किसनने छावणीत एका साहेबाच्या मुलाचा वाढदिवस पाहिला होता. तेव्हापासून त्याच्या डोक्यात तेच. गंगूला मुद्दाम शेलूबाजारला मामाकडे धाडले. इकडे आंब्याला झोका बांधायचा, शेजारची पोरं मळ्यात लपवायची, गुळाचा शिरा करायचा. गंगूला घेऊन येणे माझ्याकडे. तिला काही कळता कामा नये, ही किसनची ऑर्डर.

शनिवारी सकाळी तार आली. रजा रद्द, ताबडतोब हजर व्हा. मी सायकलने मळ्यात गेलो. किसन झोक्याचा दोर वळत होता. मी तार त्याच्या हाती दिली.

"कधी निंघाचं?"

"उद्या सकाळच्या मोटारनं."

त्याने दोराला शेवटची गाठ मारली. मग म्हणाला, "गंगूले आजच घेऊन ये."

दुपारी मी तिला बैलगाडीत बसवले.

"काका, आजच कायले नेऊन राह्यले?"

"तुह्या बापाले करमत नाही."

मळ्यात शिरताच वांग्यांतून पोरं ओरडत उठली. गंगू दचकून रडली. झोका दिसला तशी हसली. किसनची बायको राधा तिला ओवाळू लागली.

"बाबा, माहा वाढदिवस आज हाय?"

"हो. आजच. पंचमीले."

राधाने त्याच्याकडे पाहिले. अंधार पडेपर्यंत किसन झोका देत होता. दुसऱ्या कोणाला दोराला हात लावू दिला नाही.

ब्रह्मदेशात एका टेकडीवर आमच्यावर मॉर्टरचा मारा झाला. वायरलेसवर कंपनीने विचारले, "रिपोर्ट द्या. ओव्हर."

"पोझिशन कायम. तीन जवान ठार. त्यात लान्सनाईक किसन. ओव्हर."

"नाव पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितले. लाकडे ओली होती. तिघांनाही तिथेच पुरावे लागले.

लढाई संपल्यावर मी मळ्यात गेलो. राधा कांद्याची रोपे लावत होती. गंगू मला म्हणाली, "काका, परवा पंचमी. माहा वाढदिवस."

ती खेळायला गेल्यावर मी विचारले, "वयनी, तिले खरं सांगतलं नाही?"

"खरं कोणतं, भाऊजी? तिच्या बापानं सांगतलं तेच खरं."

मी रोपांची जुडी उचलली आणि तिच्यामागच्या वाफ्यात लावायला बसलो.

किसन गेला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. तिघांची नावे मी रोज अंघोळीनंतर घेतो. किसनचे शेवटी. त्यानंतर मला दुसरे नाव घेता येत नाही.