पुलावरचा भाऊ

किम-हायचा दिवस पहाटे तीनला सुरू व्हायचा. तैवानमधल्या आमच्या मासळी बंदरावर बर्फाच्या लाद्या ओढायचं काम आम्ही दोघांनी जन्मभर केलं. ओल्या उतारावरून लादी आणायला कंबरेत जोर लागतो. त्याच्या हातून लादी फुटलेली मी पाहिली नाही. काम चोख. तोंडाचा मात्र भरवसा नाही.

दर्याची देवी मात्सू, तिच्या पालखीलाही आम्हीच खांदा द्यायचो. पुलाच्या तोंडाशी पालखी टेकवायची, हा आमचा रिवाज. तिथं सुपारीवाली बसते, म्हणून. एका वर्षी ग्वो नावाचा विद्यार्थी वही घेऊन शेजारून चालू लागला. "काका, पालखी इथंच का थांबते?" ओझ्याखालच्या माणसाला प्रश्न विचारू नये, हे विद्यापीठात शिकवत नसावेत.

किम-हाय खेकसला, "देवीचा भाऊ इथं बुडाला. ती वाट बघते त्याची. हो बाजूला!"

ग्वो बाजूला झाला तो थेट प्राध्यापकच झाला. त्या भावावर त्यानं जाडजूड पुस्तक लिहिलं.

पुढं किम-हायची मुलगी पेई-रोंग राजधानीतल्या सरकारी विद्यापीठात धर्माची पदवी घ्यायला गेली. बंदरावर लोक विचारत, "पोरगी भिक्षुणी होणार का रे?"

"नाही."

"देवळात नोकरी?"

"नाही. देवांबद्दल वाचणार."

"का? काय केलं त्यांनी?"

किम-हाय फी भरायचा आणि पुढची लादी ओढायला घ्यायचा.

शेवटच्या वर्षी ती प्रबंधाच्या कामासाठी घरी आली. विषय आमचाच पूल, तपासणारा ग्वो.

"बाबा, त्या भावाचं नाव काय होतं?"

"कुठला भाऊ?"

तिनं ग्वोचं पुस्तक पुढं सरकवलं. किम-हायला हसून हसून ठसका लागला. "अगं, सुपारी खायला थांबायचो आम्ही!"

पोरीचा चेहरा उतरला. तरी तिनं खरं तेच लिहिलं. ग्वोनं प्रबंध परत पाठवला. शेरा असा: सांगणारा वृद्ध आहे, त्याला आता नीट आठवत नाही. दुरुस्ती करा, नाहीतर पदवी नाही.

यंदाच्या पालखीला ग्वो विद्यार्थ्यांची फौज घेऊन आला. आता खांदा देणाऱ्या नव्या पोरांनी पुलाशी पालखी टेकवली. किम-हाय कंबर धरून पुढं गेला, मुलीच्या देखत पुलावर गुडघे टेकले, उदबत्ती लावली आणि पाण्याकडं बघत ओरडला, "भावा, ये रे घरी!"

ग्वोनं डोळे पुसले. पेई-रोंगनं मान खाली घातली.

"लाज नाही वाटत?" मी विचारलं.

"पदवी हातात पडेपर्यंत भाऊ खरा," तो पुटपुटला. "सुपारी काढ."

पेई-रोंगनं दुरुस्ती केली. पदवी मिळाली. सुपारीवाली आता उदबत्त्याही विकते आणि पालखीची नवी पोरं पुलाशी सुपारी खात नाहीत, डोकं टेकतात.

पदवी किम-हायच्या भिंतीवर काचेत आहे. जन्मभर लाद्या ओढून त्यानं स्वतःचीच थाप विकत घेतली, सरकारी शिक्का मारून.