बाहेर निंघानं कितलं?

नानांच्या हाती काहीही दिलं की ते आधी उलटं करून बघत. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी त्यांच्यापुढे रिकामा कप ठेवला आणि किटलीतून चहा ओतणार, तेवढ्यात त्यांनी तो उचलून त्याचं बूड न्याहाळलं. मला रागच आला. म्हटलं, कपात काय विष लावून आणलंय की काय मी! पुढे कळलं की आहेरात आलेली समई असो नाहीतर कुणाचं कार्ड, बूड बघितल्याशिवाय या माणसाचा जीव भांड्यात पडत नाही. दर्शनी बाजू विकणाऱ्याची असते, मागची आपली, असं त्यांचं म्हणणं.

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत त्यांची डाळमिल. नाना मूळ एरंडोलकडच्या खेड्यातले; बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच राहिलं. कारभार त्यांच्या मुलाकडे, प्रकाशभाऊंकडे गेला होता आणि ऑफिस माझ्याकडे. नानांकडे संशय घेण्याचं काम उरलं होतं आणि ते ते मन लावून करत.

एकदा पुण्याहून एक गृहस्थ आले. प्रोग्रामर नको, काही नको, पडद्यावर चौकोन ओढून मांडायचे की तुमच्या मिलचं अ‍ॅप तयार. सुरुवातीला फुकट. प्रकाशभाऊ हरखले. नानांनी गृहस्थांचं कार्ड उलटलं. मागे कोरं.

"मजार जावानं समजनं," नाना म्हणाले. "बाहेर निंघानं कितलं?"

गृहस्थ गोंधळले. मी त्यांना मराठीचं मराठीत करून सांगितलं, की आत यायला फुकट हे कळलं, पण उद्या सोडायचं म्हटलं तर काय किंमत पडेल? ते गोड हसत म्हणाले की नोंदी मिळतील, अ‍ॅप मात्र आमच्याच जागेवर चालतं, ते बाहेर नेता येत नाही.

"म्हणजे घर आम्ही बांधानं, नि जागा तुमनी," नाना म्हणाले आणि उठून गेले. म्हातारा उगाच खुसपट काढतोय असं मला तेव्हा वाटलं. चौकोन ओढायचे मलाच होते ना, मी भलतीच खुशीत होते.

अ‍ॅप छान झालं हो, खोटं कशाला बोलू. तुरीचा ट्रक आला की काट्यावरचा हिरामण वजन करायचा, दाण्याचा ओलावा तपासायचा आणि काट्याजवळ ठेवलेल्या मोबाईलवर नोंद टाकायचा. मला ती खुर्चीत बसल्या जागी दिसायची. मग फुकटची मुदत सरली आणि खरी बाजू दिसली. आता दरमहा पैसे, आणि तेही डोक्यामागे. काट्यावरचा एक, गोदामातला एक, मुकादम एक, आणि हंगामात येतील तेवढे वेगळे. मिल दाणे मोजते आणि हे आमची डोकी मोजतात, म्हणून नाना भडकले. पण लगेच त्यांचे डोळे चमकले.

"आठे बठ्ठा भाऊच शेतस ना? मंग एकच नाव लिखा."

खरंच होतं ते. आमच्याकडे सगळेच भाऊ: हिरामणभाऊ, मुकादमभाऊ, ड्रायव्हरभाऊ. नुसतं "भाऊ" अशी हाक मारली की चौघे वळायचे. मी 'भाऊ' नावाचं एक खातं उघडलं आणि सगळे त्यावरून नोंदी टाकू लागले. कंपनीला गंडवल्याच्या आनंदात नानांनी सगळ्यांना जिलेबी वाटली. स्वतःची जिलेबीसुद्धा उलटून न बघता खाल्ली.

हिवाळ्यात नवी तूर आली तेव्हा ते आमच्या अंगलट आलं. एका ट्रकमधला माल ओला होता, पण नोंदीत 'ठीक' पडलं. पोती चांगल्या मालाच्या थप्पीत गेली, आतून तापली आणि सगळ्या थप्पीला बुरशी धरली. नोंद कुणाची, म्हणून मी बघितलं. पडद्यावर लिहिलेलं: भाऊ.

जो तो दुसऱ्याकडे बघू लागला. कालपर्यंत एका डब्यात जेवणारी माणसं, मोबाईल कुणी हातात घेतला तरी डोळे बारीक करू लागली. प्रकाशभाऊंनी हिरामणला धरलं. त्याच दिवाळीत त्यानं बोदवडला घराचा स्लॅब टाकला होता. पैसा कुठून आला, ओला माल खपवणाऱ्या व्यापाऱ्यानंच दिला असणार, असा त्यांचा हिशोब. हिरामण शपथा घेत होता, की त्या दुपारी आपण जेवायला गेलो होतो. प्रकाशभाऊंनी सगळ्यांसमोर त्याला चोर म्हटलं आणि उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. त्यानं खांद्यावरचा रुमाल काढून काट्यावर ठेवला आणि तो निघाला.

नाना दारात उभे होते. आता हे त्याची उलटतपासणी घेणार, असं मला वाटलं. त्यांनी हिरामणचा दंड धरून त्याला आत आणलं.

"भाऊ हाई नाव मी दिन्हं," ते मुलाला म्हणाले. "नोंद मन्ही शे."

प्रकाशभाऊ म्हणाले, नाना, तुम्ही काट्याकडे फिरकला तरी होता का? नाना माझ्याकडे वळले. मला म्हणाले की प्रत्येकाचं वेगळं नाव घाल, जेवढे पैसे पडतील तेवढे पडू देत, आणि नानांच्या नावाचं एक खातं उघडून 'भाऊ'च्या सगळ्या जुन्या नोंदी त्यावर टाक. मी टाकल्या. हिरामण राहिला, पण प्रकाशभाऊंशी कामापुरतंच बोलायचा. त्यांनीही कधी माफी मागितली नाही.

ती नोंद खरंच नानांनी टाकली होती का? दुपारी ते काट्याकडे फेरी मारत, आणि चष्मा बहुतेक ऑफिसातच विसरलेला असे. मला अजून संशय आहे. संशय घ्यायला त्यांनीच तर शिकवलं.

गेल्या वर्षी नाना गेले. महिन्याचं बिल आलं, तर त्यात नानांच्या डोक्याचेही पैसे लावलेले. प्रकाशभाऊ म्हणाले, नाव काढून टाक. मी बटण दाबलं तर अ‍ॅपनं विचारलं: यांच्या नोंदी कुणाच्या नावावर करायच्या? त्याशिवाय ते नानांना बाहेर सोडेना.

मी पडदा प्रकाशभाऊंकडे वळवला. त्यांनी तो वाचला. खिडकीतून काटा दिसत होता, काट्यावर हिरामण पोती लावत होता. त्यांनी तिकडे बघितलं.

"माझ्या नावावर कर," ते म्हणाले, आणि उठून काट्याकडे गेले.